एकाच कंपनीत दीर्घकाळ काढल्यावर नोकरी गेली तर: सोलापूरच्या आयटी कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शन

हिंजवडी, खराडी, हैदराबादचे माधापूर किंवा बेंगळुरू येथे काम करणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील अभियंत्यांमध्ये एक मोठा वर्ग असा आहे, की जो कॅम्पस निवडीतून ज्या कंपनीत रुजू झाला, तिथेच पंधरा-अठरा वर्षे राहिला. या वर्गाला नोकरी सुरक्षित वाटत होती आणि तसे वाटण्याला कारणही होते. मात्र जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपले सुमारे २ टक्के, म्हणजे साधारण १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यात प्रामुख्याने मधल्या व वरच्या श्रेणीतील लोक असतील हेही सांगितले, तेव्हा दीर्घ सेवा म्हणजे संरक्षण हा समज मागे पडला. महाविद्यालय सोडल्यानंतर ज्यांनी एकदाही बाहेरची मुलाखत दिलेली नाही आणि ज्यांना आता चाळिशीच्या आसपास पहिल्यांदाच नोकरी शोधायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्टपणे सांगतो. अशा व्यक्तीला पुन्हा चांगली नोकरी मिळू शकते. परंतु बहुतेक जण कामाचा क्रम चुकवतात. नोकरी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी जुना बायोडेटा दिसेल त्या जाहिरातीला पाठवायला सुरुवात होते, त्यातून नकार किंवा मौन पदरी पडते आणि तीन आठवड्यांत आत्मविश्वास खचतो. योग्य क्रम असा, की आधी कागदपत्रे, मग पैसा, मग स्वतःच्या अनुभवाची नव्याने मांडणी आणि त्यानंतरच अर्ज. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत परत फिरवता येणार नाही असा कोणताही निर्णय घेऊ नये. पुण्यातला फ्लॅट विकणे, भविष्यनिर्वाह निधी पूर्ण काढणे आणि भरपाईची सगळी रक्कम नव्या धंद्यात घालणे हे असेच निर्णय आहेत.

पहिली पायरी: सही करण्यापूर्वी

मनुष्यबळ विभागाची बैठक बहुधा अचानक लागते आणि अर्ध्या तासात संपते. त्यात अनेकदा ‘तुम्ही स्वतः राजीनामा द्या, म्हणजे तुमच्या नोंदीवर काही येणार नाही’ असे सुचवले जाते. त्या खोलीत किंवा त्या व्हिडिओ कॉलवर काहीही मान्य करू नये. अटी लेखी पाठवाव्यात आणि वाचायला वेळ द्यावा, एवढेच शांतपणे सांगावे व तीच विनंती ईमेलने पुन्हा करावी.

अटी हाती आल्यावर काही बाबी नेमक्या तपासाव्यात: कामाचा शेवटचा दिवस, नोटीस कालावधीचा पगार, भरपाईची रक्कम आणि ती कशाच्या आधारे काढली आहे, शिल्लक रजेचे पैसे, वैद्यकीय विम्याची अखेरची तारीख, आधी दिलेला बोनस परत मागितला जाणार आहे का, आणि कंपनीचे शेअर मिळालेले असतील तर त्यांचे काय होणार. शेअर विकत घेण्याचा पर्याय असल्यास तो वापरण्याची मुदत नोकरी सुटल्यावर फारच थोडी, अनेक योजनांत फक्त ९० दिवसांची असते, म्हणून ती तारीख वेगळी लिहून ठेवावी.

राजीनामा द्यावा की कंपनीला सेवा समाप्त करू द्यावी, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. भरपाई, कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभवपत्र या तिन्ही गोष्टी कंपनी लेखी देत असेल, तर राजीनाम्यामुळे पुढच्या पडताळणीत अडचण येत नाही. केवळ तोंडी आश्वासनावर मात्र राजीनामा लिहून देऊ नये. कारण एकदा तो दिला की कपात झाल्याचा दावा करणे अवघड होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेनुसार ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्या व्यक्तीची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते, तसेच कपात झालेल्यांना नवे कौशल्य शिकता यावे यासाठीच्या पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायची असते. व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणारे आणि दरमहा १८ हजारांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर आहेत. परंतु निर्णय पदनामावर होत नाही. प्रत्यक्षात कोणते काम केले यावर होतो. ज्याचे पद ‘मॅनेजर’ आहे, पण जो दिवसभर स्वतः कोड लिहीत होता, त्याने कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला एकदा तरी घ्यावा. ही फी वाया जात नाही.

वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे, हेही लक्षात असू द्यावे आणि उशीर होत असल्यास लेखी आठवण द्यावी.

करारात ‘प्रतिस्पर्धी कंपनीत एक वर्ष काम करणार नाही’ असे कलम पाहून अनेक जण घाबरतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार उपजीविकेवर बंधन घालणारा करार त्या मर्यादेपुरता निरर्थक ठरतो आणि नोकरी संपल्यानंतरच्या अशा बंदीला न्यायालये सहसा दाद देत नाहीत. गोपनीयतेचे कलम मात्र पूर्णपणे बंधनकारक असते. म्हणून लॅपटॉप परत देण्यापूर्वी पगारपत्रके, फॉर्म १६, नियुक्तिपत्र, बढत्यांची पत्रे आणि वार्षिक मूल्यमापनाची पत्रे एवढेच स्वतःजवळ घ्यावे. कोड, ग्राहकाची कागदपत्रे किंवा अंतर्गत सादरीकरणे घेऊ नयेत. त्याच दिवशी बँक, भविष्यनिर्वाह निधी, विमा, लिंक्डइन आणि आयकर खाते या सर्व ठिकाणी कंपनीचा ईमेल काढून स्वतःचा ईमेल द्यावा. सोळा वर्षे एकच ईमेल वापरलेल्या माणसाची निम्मी कामे त्या एका पत्त्याला बांधलेली असतात आणि तो पत्ता बंद व्हायला एक संध्याकाळ पुरते.

दुसरी पायरी: हाती येणारा आणि जाणारा पैसा

ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करावा. शेवटच्या मासिक वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि आलेल्या आकड्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काम झाले असेल तर ते पूर्ण वर्ष धरले जाते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ६० हजार रुपये आणि सेवा १६ वर्षांची असेल, तर ही रक्कम सुमारे ५ लाख ५४ हजार होते. नव्या संहितांत वेतनाची व्याख्या बदलली असून भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर निम्म्यावरची जादा रक्कम वेतनात धरली जाते. त्यामुळे ज्यांचे मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवलेले होते, त्यांनी कंपनीने कोणता आकडा धरला हे विचारलेच पाहिजे. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी आणि खासगी क्षेत्रात २० लाखांपर्यंत ती करमुक्त आहे. नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशांवरही विहित मर्यादेत, जी २०२३ पासून कमाल २५ लाख आहे, करसवलत मिळते. भरपाईची रक्कम मात्र बहुतेकांच्या बाबतीत पगारासारखीच करपात्र ठरते, म्हणून ती खात्यात आली की सगळी आपलीच असे समजू नये.

भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नये, हे माझे ठाम मत आहे. निधीवर व्याज मिळत राहते आणि नवी नोकरी लागल्यावर तोच सार्वत्रिक क्रमांक (यूएएन) पुढे चालतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने किमान २५ टक्के रक्कम खात्यात राहावी आणि बेरोजगारीच्या काळात संपूर्ण रक्कम काढण्यासाठीची प्रतीक्षा दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर न्यावी, असा निर्णय घेतला. त्यामागचा विचारही हाच आहे, की म्हातारपणाची तरतूद दोन-तीन महिन्यांच्या अडचणीत संपू नये. ज्यांची पेन्शन योजनेतील सेवा १० वर्षांची झाली आहे, त्यांना ५८ व्या वर्षापासून मासिक पेन्शनचा हक्क आहे. नावात, जन्मतारखेत किंवा नोकरी सोडल्याच्या तारखेत चूक असेल तर ती जुन्या कंपनीकडून आताच दुरुस्त करून घ्यावी. दोन वर्षांनी तिथे ओळखीचे कोणी राहत नाही.

घरकर्जाचा हप्ता हा पुढचा प्रश्न. भरपाई मिळाली की ती एकरकमी कर्जात भरून मोकळे व्हावे, असा सल्ला घरातली मोठी माणसे आपुलकीने देतात. वैयक्तिक बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीपूर्वी फेडीचे शुल्क लागत नाही, त्यामुळे ही सोय पुढेही कायम आहे. आज गरज आहे ती हातात रोकड असण्याची. नऊ ते बारा महिन्यांचा खर्च आणि हप्ते भागतील इतकी रक्कम बाजूला राहिल्याशिवाय कर्जात जादा पैसे भरू नयेत. हप्ता चुकण्याची शक्यता दिसू लागली तर तो चुकण्यापूर्वीच बँकेत जाऊन मुदत वाढवण्याबद्दल बोलावे, कारण थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की कर्ज अनुत्पादित ठरते आणि मग शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसे काही उरत नाही.

वैद्यकीय विम्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. कंपनीच्या सामूहिक विम्यात आईवडील समाविष्ट असतील, तर नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांचेही संरक्षण जाते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची सोय विमा नियामकाच्या नियमांत आहे आणि त्यात आधी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे ठराविक आजारांचे दावे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, जमेस धरला जातो. परंतु हा अर्ज सामूहिक विमा संपण्याआधी करावा लागतो. २०२४ मध्ये नियामकाने विमा घेण्यावरील वयोमर्यादा काढली आणि आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, त्यामुळे सत्तरीतल्या वडिलांनाही पॉलिसी मिळू शकते. ती महाग असते, पण मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या घरात हा खर्च टाळण्यासारखा नाही.

तिसरी पायरी: सोलापूरला यायचे की नाही

सोलापुरात स्वतःचे घर असेल, तर पुण्याचे भाडे किंवा फ्लॅटचा देखभाल खर्च, ये-जा आणि बाहेरचे जेवण वाचते. जमलेल्या पैशांवर पुण्यात सहा महिने निघत असतील, तर इथे त्याहून बराच जास्त काळ निघतो आणि नोकरी शोधणाऱ्याला वेळ असणे हीच मोठी ताकद आहे. ज्याला महिनाअखेरीची घाई आहे, तो पहिली हलकी ऑफर स्वीकारतो. मुलाखतींच्या सुरुवातीच्या फेऱ्या आता बहुतेक ठिकाणी व्हिडिओवर होतात. शेवटच्या फेरीला बोलावले तर पुणे सुमारे २५० किलोमीटरवर आहे आणि सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस किंवा फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेली वंदे भारत पकडून त्याच दिवशी काम उरकता येते. जुळे सोलापूर असो की होटगी रस्ता, मुलाखतीच्या वेळी वीज आणि इंटरनेट खंडित होणार नाही याची दुहेरी व्यवस्था मात्र करून ठेवावी.

कुटुंब हलवण्याची घाई करू नये. मुलांची शाळा मध्येच बदलली तर दाखले, पुस्तके, अभ्यासक्रम आणि मैत्र या सगळ्यांचा भार मुलांवर पडतो, आणि चार महिन्यांनी पुण्यातच नोकरी लागली तर तो दुसऱ्यांदा पडतो. शाळेचे वर्ष संपेपर्यंत कुटुंब तिथे आणि शोध घेणारी व्यक्ती दोन्हीकडे, अशी सोय बहुतेक घरांना परवडते. आधीच यावे लागले तर फ्लॅट विकण्याऐवजी भाड्याने द्यावा.

घरी ही गोष्ट लपवू नये. सोलापूरने जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या कापडगिरण्यांची धुराडी थंड होताना पाहिली आहेत. कित्येक घरांत आजोबांनी किंवा वडिलांनी भोंगा बंद झाल्यानंतरची वर्षे स्वतः काढली आहेत. हुशार आणि कष्टाळू माणसाचे कामही त्याचा दोष नसताना जाऊ शकते, हे या शहराला समजावून सांगावे लागत नाही. रोज सकाळी ‘घरून काम’ करत असल्याचा देखावा करण्यात जी शक्ती जाते, ती नोकरी शोधण्यात लावावी.

चौथी पायरी: स्वतःच्या अनुभवाची नव्याने मांडणी

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वेळ मागणारी पायरी हीच आहे. दोन ते तीन आठवडे केवळ यासाठी द्यावेत.

एकाच कंपनीत दीर्घकाळ राहिलेल्या माणसाजवळ दोन प्रकारचे ज्ञान साठते. एक त्या कंपनीचे असते: कोणती मंजुरी कोणाकडून घ्यायची, अंतर्गत साधने कशी चालवायची, कोणत्या खात्यात कोणाचा शब्द चालतो. हे ज्ञान तिथे फार मोलाचे होते आणि दाराबाहेर पडताच त्याची किंमत जवळजवळ शून्य होते. दुसरे ज्ञान माणसाचे स्वतःचे असते: बँकेची कर्जप्रणाली कशी चालते, विम्याचा दावा कुठे अडतो, मोठी प्रणाली रात्री दोन वाजता बंद पडली तर कोठून तपासायला सुरुवात करायची, चिडलेल्या ग्राहकाशी काय बोलायचे. हे कुठेही चालते. अडचण अशी, की अठरा वर्षांत ही दोन्ही एकमेकांत इतकी मिसळतात की आपले कोणते आणि कंपनीचे कोणते, हे माणसाला स्वतःलाही सांगता येत नाही. बायोडेटा अंतर्गत संक्षेपांनी, प्रकल्पांच्या सांकेतिक नावांनी आणि श्रेणींनी भरून जातो व बाहेरच्या वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून एक वही घ्यावी आणि प्रत्येक वर्षासाठी एक पान ठेवावे. त्या पानावर त्या वर्षी कोणती अडचण होती, ती सोडवण्यासाठी स्वतः काय केले आणि शेवटी काय बदलले, हे साध्या मराठीत लिहावे. जुनी मूल्यमापनपत्रे इथे उपयोगी पडतात. ‘आम्ही केले’ असे वाक्य आले की थांबून त्यात आपला वाटा कोणता, हे शोधावे. भारतीय संघांत काम करणाऱ्यांना ‘मी केले’ म्हणणे उद्धट वाटते. पण मुलाखत घेणारा संघाला कामावर घेणार नसतो, त्याला एका व्यक्तीबद्दल ठरवायचे असते.

उदाहरणार्थ, ‘रिटेल प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याच्या डिलिव्हरीची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ‘बँकेच्या कर्जवसुली प्रणालीत रात्रीच्या प्रक्रियेला सहा तास लागत होते, डेटाबेसच्या क्वेरी आणि कामांचा क्रम बदलून तो वेळ अडीच तासांवर आणला, त्यामुळे सकाळी शाखा उघडताना आकडे तयार राहू लागले’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला क्षेत्र, कौशल्य आणि परिणाम तिन्ही दिसतात. आकडा खरा असावा. नक्की आठवत नसेल तर ‘निम्म्याहून कमी’ असे लिहावे, पण फुगवू नये, कारण अनुभवी मुलाखतकार त्याच आकड्यावर बोट ठेवून पुढचे पाच प्रश्न विचारतो.

अशी पंधरा-वीस कामे कागदावर आली, की त्यांतून बाजारात मागणी असलेली सात-आठ निवडून दोन पानांचा बायोडेटा करावा. पहिल्या दहा वर्षांना अर्धे पान पुरे. आडवेतिडवे तक्ते, छायाचित्र आणि रंगीत पट्ट्या टाळाव्यात, कारण अर्ज आधी संगणकीय छाननीतून जातात आणि अशा मांडणीतला मजकूर तिथे नीट वाचला जात नाही. जाहिरातीत तंत्रज्ञानाचे जे नाव आहे, तेच नाव आपल्या बायोडेटात असावे, अर्थात ते येत असेल तरच.

याच काळात आपल्या ज्ञानात कुठे खंड पडला आहे, तेही प्रामाणिकपणे पाहावे. गेली सहा वर्षे फक्त बैठका, अहवाल आणि मनुष्यबळाचे नियोजन यांत गेली असतील, तर हात पुन्हा कामावर बसवणे आवश्यक आहे. केवळ लोकांवर देखरेख करणारी पदे कमी होत आहेत आणि कपातही तिथेच अधिक होते. जावा ज्यांचा पाया आहे, त्यांनी आठव्या आवृत्तीवर न थांबता १७ किंवा २१ वर एखादे छोटे काम पूर्ण करावे. हाताने चाचणी करणाऱ्यांनी सेलेनियम किंवा प्लेराइट यांसारखे आपोआप चाचणी करणारे साधन शिकावे. कोड लिहिताना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरता येणे आणि त्यांनी दिलेल्या उत्तरातली चूक ओळखता येणे, दोन्ही जमले पाहिजे. दुसऱ्या गोष्टीत जुना अनुभव खरोखर कामी येतो. प्रमाणपत्रांचा ढीग मात्र करू नये. एक नेमके प्रमाणपत्र आणि स्वतः बांधून दाखवता येईल असे एक काम, एवढे पुरेसे आहे.

पाचवी पायरी: संधी कुठे आहेत

अनेकांच्या नजरेसमोर फक्त मोठ्या सेवा कंपन्या असतात. परदेशी उद्योगांनी भारतात काढलेली स्वतःची जागतिक क्षमता केंद्रे हे आज त्याहून मोठे दार आहे. आयटी उद्योगाची संघटना नॅसकॉम आणि सल्लागार संस्था झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. पुणे, हैदराबाद आणि बेंगळुरू ही तिन्ही शहरे त्यांत आघाडीवर आहेत. या केंद्रांना बँकिंग, विमा, वाहनउद्योग किंवा औषधनिर्मिती यांतले बारकावे माहीत असलेली माणसे लागतात आणि दीर्घ सेवा केलेल्याकडे नेमके तेच असते. सॅप या उद्योगांचा कारभार सांभाळणाऱ्या प्रणालीवर काम केलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट अनुकूल आहे: तिच्या जुन्या ईसीसी आवृत्तीला मिळणारा मुख्य तांत्रिक आधार २०२७ अखेर संपत असल्याने नव्या आवृत्तीकडे स्थलांतराची कामे अनेक उद्योगांत सुरू आहेत.

सोलापुरातल्या संधींबद्दल वास्तव सांगणे आवश्यक आहे. पुण्यातल्या पगाराची बरोबरी करणारी पदे इथे फार थोडी आहेत. तरीही चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतींमधील वाहनभाग व रसायन उद्योग, टॉवेल आणि गणवेश निर्यात करणारे कारखानदार, जिल्ह्यातील साखर कारखाने, सहकारी बँका आणि रुग्णालये यांना हिशेब, साठा, उत्पादन आणि माहितीची सुरक्षितता यांसाठी जाणकार माणूस हवा असतो. तो पूर्णवेळ ठेवणे त्यांना परवडत नाही, म्हणून आठवड्यातले दोन दिवस किंवा ठराविक कामाचा करार, असे स्वरूप इथे अधिक जमते. नोकरी शोधत असतानाच असे एखादे काम घेतले, तर उत्पन्नही सुरू होते आणि बायोडेटातला रिकामा काळही भरतो.

अध्यापनाची ओढ असलेल्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात पीएच.डी. ची अट नाही, साधारण १५ वर्षांचा उल्लेखनीय अनुभव लागतो आणि कालावधी सहसा तीन वर्षांपर्यंत, अपवादाने चार वर्षे असतो. वालचंद इन्स्टिट्यूटसारख्या शहरातील महाविद्यालयांत किंवा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात असे पद त्या वेळी आहे का, याची थेट चौकशी करावी.

स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करायचे असल्यास उद्यम नोंदणी मोफत होते, वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सेवांवर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही आणि पात्र व्यावसायिकांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोपी पद्धतही उपलब्ध आहे. पहिला ग्राहक मिळाल्याशिवाय कार्यालय भाड्याने घेऊ नये.

सहावी पायरी: माणसांपर्यंत पोहोचणे

दीर्घ सेवेचा एक मोठा लाभ लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही एका ठिकाणी राहिलात, पण या सर्व वर्षांत तुमच्याबरोबर काम करून बाहेर पडलेले सहकारी आज कितीतरी कंपन्यांत पसरलेले आहेत आणि त्यांनी तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेले आहे. अनोळखी जाहिरातीला शंभर अर्ज करण्यापेक्षा अशा वीस माणसांना लिहिणे अधिक फलदायी ठरते. जुन्या व्यवस्थापकांना, तुमच्या हाताखाली शिकून पुढे गेलेल्यांना आणि ग्राहकाच्या बाजूने तुमच्याशी बोलणाऱ्यांनाही लिहावे. कनिष्ठ सहकाऱ्याला विचारताना संकोच वाटतो, तो बाजूला ठेवावा. ज्याला तुम्ही पहिल्या वर्षी कोड समजावून सांगितला होता, तो आनंदाने मदत करतो.

संदेश छोटा आणि नेमका असावा. ‘काही असेल तर सांगा’ असे लिहिले, की समोरच्याला काय करावे हेच कळत नाही. ‘माझ्या विभागातील कपातीत माझी नोकरी गेली आहे. बँकिंग क्षेत्रातील डेटाबेस आणि प्रक्रिया सुधारणेत माझा १६ वर्षांचा अनुभव आहे. तुमच्या कंपनीच्या संकेतस्थळावर अमुक पद दिसले. त्या संघाला नेमके काय हवे आहे, यावर पंधरा मिनिटे बोलता येईल का?’ एवढे पुरे. शिफारस मिळाली तर चांगलेच. ती नाही मिळाली तरी त्या पंधरा मिनिटांत आतली खरी माहिती मिळते. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आले तर एकदा आठवण करावी.

‘नोकरी डॉट कॉम’ आणि लिंक्डइन या संकेतस्थळांवर तसेच केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंद करावी. आपण लगेच रुजू होऊ शकतो, हे ठळकपणे लिहावे. आपल्याकडे ९० दिवसांचा नोटीस कालावधी रूढ असल्याने कंपन्यांना मनासारखा माणूस मिळूनही तीन महिने थांबावे लागते आणि तोवर तो दुसरीकडेही जातो. त्यामुळे ताबडतोब येऊ शकणाऱ्या अनुभवी व्यक्तीला स्पष्ट पसंती मिळते. पहिल्या काही महिन्यांपुरता का होईना, हा तुमचा खरा फायदा आहे.

नोकरी लावून देण्यासाठी नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत किंवा प्रशिक्षणशुल्क मागणारी प्रत्येक ऑफर बनावट समजावी. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

सातवी पायरी: मुलाखत आणि पगार

तीन प्रश्न नक्की येतात. नोकरी का सोडली, या प्रश्नाला ‘कंपनीने पुनर्रचनेत माझ्या विभागातली पदे कमी केली, त्यात माझे पद गेले’ एवढे उत्तर सरळ द्यावे आणि लगेच पुढच्या कामाबद्दल बोलावे. जुन्या कंपनीबद्दलची कटुता कितीही योग्य असली, तरी ती त्या खोलीत मांडू नये. इतकी वर्षे एकाच ठिकाणी का राहिलात, या प्रश्नामागची शंका अशी असते, की हा माणूस शिकायचा थांबला का आणि नव्या वातावरणात रुळेल का. त्यावर उत्तर म्हणून त्याच कंपनीत बदललेली कामे सांगावीत: तंत्रज्ञान बदलले, ग्राहक बदलले, परदेशातल्या संघांबरोबर काम केले. तिसरा प्रश्न वयाने लहान वरिष्ठाच्या हाताखाली काम करण्याचा. त्याचे उत्तर मनात आधी स्वतःशी ठरवावे, कारण ते चेहऱ्यावर दिसते.

पहिल्या दोन मुलाखती अशा ठिकाणी द्याव्यात, जिथली नोकरी हुकली तरी फार वाईट वाटणार नाही. इतक्या वर्षांनी बोलण्याची लय सापडायला सराव लागतो.

पगाराबाबत दोन्ही टोके टाळावीत. दीर्घ सेवेत वार्षिक वाढ हळू झालेली असल्याने काहींचा जुना पगार बाजारभावापेक्षा कमी असतो, तर वरच्या श्रेणीतील काहींचा तो जास्त असतो. म्हणून जुन्या आकड्यावर ठराविक टक्के मागण्याऐवजी त्या पदाला बाजारात काय मिळते, हे माजी सहकाऱ्यांकडून समजून घ्यावे आणि तोच आधार धरावा. काम शिकण्यासारखे आणि संघ चांगला असेल, तर थोडा कमी पगार स्वीकारण्यात कमीपणा नाही. मात्र बदलता हिस्सा किती आणि तो प्रत्यक्षात किती मिळतो, हे विचारावे. सहा महिने होऊनही एकही मुलाखत शेवटच्या फेरीपर्यंत गेली नसेल, तर अर्ज वाढवण्याऐवजी चौथ्या पायरीवर परत जावे, कारण दोष बहुधा मांडणीत असतो.

रुजू झाल्यावर

नियुक्तिपत्र हाती आल्यावर तीन कामे पहिल्याच महिन्यात करावीत. भविष्यनिर्वाह निधीचा जुना सार्वत्रिक क्रमांक नव्या कंपनीला देऊन आधीची शिल्लक नव्या खात्याशी जोडून घ्यावी. त्याच आर्थिक वर्षात जुन्या कंपनीकडून मिळालेला पगार, भरपाई आणि कापलेला कर यांचा तपशील नव्या कंपनीच्या वेतन विभागाकडे लेखी द्यावा. तो दिला नाही तर दोन्हीकडे करसवलती स्वतंत्रपणे धरल्या जातात आणि विवरणपत्र भरताना मोठी रक्कम व्याजासह भरावी लागते. आणि मधल्या काळात घेतलेला वैयक्तिक वैद्यकीय विमा, नव्या कंपनीचा सामूहिक विमा मिळाला तरी, बंद करू नये; आईवडिलांच्या पॉलिसीचा पुढचा हप्ता कोणत्या तारखेला आहे, ते त्याच दिवशी दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावे.